'मनावर घे' म्हणून बरा न होणारा आजार

करवीर तालुक्यातल्या एका ताईंनी विचारलेला प्रश्न आधी थोडक्यात मांडते. थोरला भाऊ, वय ३८. एमआयडीसीतल्या फौंड्रीत शिफ्टवर काम, घरी दीड एकर ऊस, दोन म्हशी, बायको, दोन मुलं. तरुणपणी तालमीत रमलेला गडी. दिवाळीपासून, म्हणजे तीन महिने होत आले, पहाटे तीनला उठून अंथरुणात बसून राहतो. जेवण निम्म्यावर आलंय. आठवड्यातून दोन दांड्या ठरलेल्या. काही विचारलं की खेकसतो, नाहीतर गप्प. परवा वहिनींना म्हणाला, "माझ्यामुळं तुमचं सगळ्यांचं वाटोळं झालं." आईला वाटतंय कुणीतरी करणी केलीय, म्हणून दोनदा करणी उतरवणाऱ्या देवर्षीकडे नेऊन आणलं. वडील म्हणतात आळस चढलाय. ताईंना वाटतंय की हे डिप्रेशन असावं. ते ओळखायचं कसं, कोल्हापुरात कुणाकडे न्यायचं आणि गोळ्या सुरू केल्या तर त्या जन्माच्या मागं लागतील का, असं त्यांनी विचारलंय.

ताई, मी गेली २२ वर्षं कोल्हापुरात मनोविकारतज्ज्ञ म्हणून काम करते. दादांना न तपासता निदान करणं बरोबर नाही. पण तुम्ही लिहिलंय त्यावरून हा नैराश्याचा आजार असण्याची शक्यता मला मोठी वाटते. आणि वाटोळं झालं हे त्यांचं वाक्य वाचल्यावर 'थोडे दिवस बघू' असं मी म्हणणार नाही. याच आठवड्यात दाखवा.

त्याच्याही आधी एक काम आहे. आज संध्याकाळी घर जरा शांत झालं की त्यांच्याजवळ बसा आणि सरळ विचारा, "दादा, जगू नये असं वाटतंय का? जीव द्यायचा विचार येतोय का मनात?" असं विचारल्यानं नसलेला विचार डोक्यात शिरत नाही. उलट जे तीन महिने एकट्यानं वाहिलं ते कुणीतरी विचारलं, म्हणून माणसाला हायसं वाटतं. 'हो' म्हणाले तर रडून गोंधळ करू नका, पोराबाळांची शपथ घालू नका. ऐकून घ्या, एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. रात्र असेल तर सीपीआरचा, म्हणजे कोल्हापुरातल्या सरकारी रुग्णालयाचा, अपघात विभाग उघडा असतो. गाडीची सोय नसेल तर १०८ ला फोन करा. 'नाही' म्हणाले तरी शेतातली फवारणीची औषधं आणि तणनाशकं आजच घरातून हलवा, भावकीत कुणाच्या तरी कुलपात ठेवा. शेतकऱ्याच्या घरात हे एवढं केल्यानं जीव वाचतात. तो विचार बऱ्याचदा काही वेळाचा असतो आणि तेवढ्या वेळात हाताशी काही नसलं की माणूस त्यातून बाहेर येतो.

यात आणखी एक भीती असते ती पोलिसांची. कुणी असा प्रयत्न केला तर केस होईल म्हणून घरचे दवाखान्यात खोटं सांगतात आणि उपचार चुकतात. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ प्रमाणे अशी व्यक्ती तीव्र मानसिक ताणाखाली होती असं गृहीत धरलं जातं, आणि तिला शिक्षा करायची नसून तिची काळजी घेणं ही सरकारची जबाबदारी ठरते. तेव्हा डॉक्टरांपासून काहीही लपवू नका.

आता आजाराविषयी. आपल्याकडे दुःख, टेन्शन आणि नैराश्य हे सगळं एकाच पोत्यात घालतात. ऊसबिल लांबलं, घरातलं माणूस गेलं, की दुःख होणारच. पण त्या दुःखातही माणूस मधेच नातवाकडं बघून हसतो, रविवारी पांढरा रस्सा केला की दोन वाट्या जास्त पितो. नैराश्यात हे होत नाही. आम्ही दोन मुख्य गोष्टी बघतो: दिवसातला बहुतेक वेळ मन खाली गेलेलं असणं, आणि पूर्वी ज्यात जीव रमायचा त्यातलं काहीच नकोसं वाटणं. यातली निदान एक हवीच. तिच्या जोडीला झोप, भूक, थकवा, हालचाली मंदावणं किंवा सारखी तगमग, लक्ष न लागणं, स्वतःला दोष देणं आणि मरणाचे विचार. अशा नऊपैकी निदान पाच गोष्टी, सलग दोन आठवडे, जवळजवळ रोज, आणि त्यामुळं कामधाम अडलेलं, म्हणजे हा आजार. पुरुषांत बऱ्याचदा रडण्याऐवजी चिडचिड दिसते, पाठ-डोकं दुखतं, पोट बिघडतं, नाहीतर रोजची क्वार्टर सुरू होते. म्हणून घरच्यांना नैराश्याचा संशयच येत नाही.

दादांच्या पहाटेच्या जागण्याबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण गैरसमज तिथंच होतो. या आजारात बऱ्याच जणांची सकाळ सगळ्यात वाईट असते. तीन-चारला जाग येते, छातीवर दगड ठेवल्यासारखं वाटतं, दिवस कसा काढायचा याचीच धास्ती. संध्याकाळकडं जरा सैल पडतं, चार शब्द बोलतात, चहा घेतात. मग घरातलं कुणीतरी म्हणतं, "संध्याकाळी तर चांगला बोलतोय, कामाला जायच्या वेळीच बरं ह्याला होतंय." हे ढोंग नसतं. दिवसभरातला हा चढउतार त्या आजाराचाच भाग असतो, आणि डॉक्टरांना निदान करायला त्याची मदत होते. वडिलांना हे जरूर समजावून सांगा.

वडिलांसाठी आणखी एक गोष्ट, त्यांना पटेल अशी. तालमीत एखाद्याच्या गुडघ्याला मार बसला तर वस्ताद त्याला 'मनावर घे आणि बैठका मार' म्हणत नाही. ज्या गुडघ्यावर जोर द्यायचा तोच दुखावलाय, हे त्याला दिसतं. नैराश्यात माणसाची इच्छाच दुखावलेली असते. उठावं, बोलावं, खावं, पैसे मिळवावेत, हे ज्या उमेदीच्या जोरावर चालतं तीच आजारी. अशा माणसाला 'मनाचा निर्धार कर' म्हणणं म्हणजे जे उरलेलं नाही तेच मागणं. त्याला ते देता येत नाही. मग तो स्वतःलाच आणखी दोष देतो, आणि 'माझ्यामुळं वाटोळं झालं' इथवर येतो.

ओळख पटणार नाही अशा बेतानं एका पेशंटचं सांगते. पन्नाशीचे गृहस्थ, जुने पैलवान, कान मोडलेले. बायकोनं आणलं होतं. खुर्चीच्या कडेला बसले, दोन्ही पंजे गुडघ्यांवर. बराच वेळ हातांकडे बघत राहिले आणि मग म्हणाले, "डॉक्टर, धार काढाय बसलो की निम्म्यात हात थांबतोय. दुखत न्हाई. नुसता थांबतोय. म्हस मागं वळून बघतीया." इतक्या वर्षांत या आजाराचं इतकं नेमकं वर्णन मी दुसरीकडे ऐकलेलं नाही. त्यांचं पुढचं नंतर सांगते.

हे होतं कशानं, याचं एका वाक्यात उत्तर नाही. काही घराण्यांत हा आजार जास्त दिसतो. लहानपणीचे आघात, कर्ज, सततची शिफ्ट-ड्युटी आणि मोडलेली झोप, दारू, एकटेपणा, मधुमेहासारखं जुनं दुखणं, यातल्या दोन-चार गोष्टी एकत्र येतात. मेंदूत एक रसायन कमी पडलं की नैराश्य, असं जे सांगितलं जातं ते फारच सोपं करून सांगितलेलं असतं. आणि कारण आणि आजार लगेच एकामागं एक येतात असंही नाही. ऑगस्ट २०१९ च्या महापुरानंतर माझ्याकडे लोक पुराच्या आठवड्यात आले नाहीत. घरातला चिखल निघाला, मदतीला आलेली माणसं परत गेली, पंचनामे झाले, आणि त्यानंतर महिना-दोन महिन्यांनी ते एकेक करून येऊ लागले. तेव्हा 'आता तर सगळं ठीक आहे, मग आत्ता काय झालं?' असा प्रश्न दादांना विचारू नका. त्याचं उत्तर त्यांच्याकडेही नसेल.

करणीबद्दल आईशी वाद घालू नका. ती पोराच्या काळजीपोटी धडपडते आहे. मी माझ्याकडे आलेल्या आयांना सांगते, जोतिबाला जा, अंबाबाईची ओटी भरा, पण गोळी चुकवू नका. श्रद्धा आणि उपचार एका घरात सुखानं नांदतात. पण देवर्षी जेव्हा औषध बंद करा म्हणतो, उपाशी ठेवायला सांगतो, मारतो किंवा बांधून घालतो, तेव्हा तिथून पोराला उठवून आणायचं. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणं किंवा साखळीनं बांधणं हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे.

आता कुणाकडे न्यायचं. मनोविकारतज्ज्ञ म्हणजे एमबीबीएसनंतर मानसोपचारात पुढचं शिक्षण घेतलेला डॉक्टर. तो औषध देऊ शकतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आणि समुपदेशक बोलण्यातून उपचार करतात, औषध लिहीत नाहीत. सौम्य नैराश्यात नुसत्या बोलण्याच्या उपचारानं भागू शकतं. दादांची झोप, भूक, काम आणि ते वाक्य बघता आधी मनोविकारतज्ज्ञ, असं माझं स्पष्ट मत आहे. खासगी परवडत नसेल तर सीपीआर, म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयात मानसोपचाराचा बाह्यरुग्ण विभाग आहे. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं हे रुग्णालय. सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढा, गर्दी असते, एक दिवस मोडेल हे धरून चला. गडहिंग्लज, चंदगड, आजरा इतक्या लांबच्या वाचकांनी जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचं पथक जवळच्या सरकारी दवाखान्यात कोणत्या वारी येतं ते आशाताईंकडे किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारून घ्यावं. आणि दारात गाडी उभी राहायच्या आधी कुणाशी तरी बोलायचं असेल तर १४४१६ हा टेली-मानसचा नंबर आहे. केंद्र सरकारनं ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेली ही सेवा मोफत आहे, दिवसरात्र चालते आणि मराठीत बोलता येतं. पेशंट बोलत नसेल तर तुम्हीच फोन करा, घरच्यांशीही ते बोलतात.

'येड्याच्या डॉक्टरकडं' जायला माणूस नाही म्हणतो, हे मी रोज बघते. मनोविकारतज्ज्ञ म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर एकदम रत्नागिरीचं नाहीतर येरवड्याचं मनोरुग्णालय उभं राहतं. प्रत्यक्षात नैराश्याच्या बहुतेक पेशंटना ॲडमिटसुद्धा करावं लागत नाही. दादांना डिप्रेशन हा शब्दही ऐकवू नका. त्यांना स्वतःला खुपतंय ते धरा. "दादा, तुझी झोप उडालीया, तेवढी दाखवून येऊ, मी येते सोबत." एवढं पुरे. पण फसवून मात्र नेऊ नका. जोतिबाला जाऊया म्हणून गाडीत बसवलं आणि दवाखान्यात उतरवलं, की पुढचे सहा महिने त्या माणसाचा कुणावरच विश्वास राहत नाही, माझ्यावरही नाही. तीच गोष्ट चहात गोळी विरघळवून द्यायची. कळकळीनं सांगते, तसं करू नका. आपण गोळी घेतोय हेच त्याला माहीत नसेल, तर त्रास झाल्यावर तो सांगणार कुणाला?

पहिल्या भेटीत आम्ही रक्त तपासायला सांगतो: थायरॉईड, हिमोग्लोबिन, साखर, बी-१२. थायरॉईड कमी झालं तरी माणूस असाच मरगळतो. दारूचं खरं प्रमाण सांगा. आणि एक प्रश्न डॉक्टरांनी विचारला नाही तरी तुम्ही सांगायचा: पूर्वी कधी याच्या उलट काळ आला होता का? चार-चार दिवस झोप नाही तरी अंगात वारं, अफाट बोलणं, पैसे उधळणं, मोठमोठे बेत? तसं झालं असेल तर आजार वेगळा असतो, औषधं वेगळी लागतात, आणि नुसत्या नैराश्याच्या गोळ्यांनी तो चढू शकतो.

गोळ्यांच्या सवयीचं नीट समजून घ्या, कारण यात दोन प्रकारच्या गोळ्यांची गल्लत होते. एस्सिटॅलोप्राम, सर्ट्रालिन, फ्लुओक्सेटिन ही नैराश्यावरची औषधं. यांची नशा होत नाही, दिवसेंदिवस डोस वाढवत न्यावा लागेल अशी ओढ लागत नाही. एकदम बंद केली तर मात्र चक्कर, बेचैनी, डोक्यात झिणझिण्या असा त्रास होतो, म्हणून ती हळूहळू उतरवत बंद करायची. अल्प्राझोलम, क्लोनाझेपाम या झोपेच्या, घबराटीच्या गोळ्या वेगळ्या. त्यांची सवय लागते. त्या सुरुवातीला थोडे दिवस दिल्या तर चालतं, पण मेडिकलमधून वर्षानुवर्षं परस्पर आणून खाणं घातक. लोकांनी दुसऱ्या प्रकारच्या गोळ्यांचा वाईट अनुभव घेतलेला असतो आणि घाबरतात पहिल्या प्रकाराला.

पहिल्या आठवड्यात मळमळ, ॲसिडिटी, डोकेदुखी, थोडी बेचैनी होऊ शकते. बहुतेकांची ती आपोआप जाते. लैंगिक इच्छेवर परिणाम होऊ शकतो. पुरुष हे बोलत नाहीत आणि गुपचूप गोळी सोडून देतात. दादांना सांगा की हे डॉक्टरांना बिनधास्त सांगायचं असतं, औषध बदलता येतं. फरक कळायला दोन ते चार आठवडे, पुरता परिणाम दिसायला सहा-आठही लागतात. त्याचा क्रमही लक्षात ठेवा: बऱ्याचदा आधी झोप आणि भूक सुधारते, मग हातापायात बळ येतं, आणि मनाची उमेद सगळ्यात शेवटी. म्हणजे तुम्हाला फरक आधी दिसेल, दादा म्हणतील 'काही फरक नाही'. ते खोटं बोलत नसतात. आणि बळ आलंय पण आशा अजून आलेली नाही, असे ते मधले काही आठवडे घरच्यांनी जास्त सावध राहायचं असतं. फवारणीच्या औषधांचं कुलूप तेव्हा काढू नका.

ते पैलवान गृहस्थ चौथ्या-पाचव्या आठवड्यात आले. बरं वाटतंय का विचारलं तर मान हलवली, नाही. मग बायकोकडं बघून म्हणाले, "काल म्हशीनं लाथ मारली. मला लई राग आला." त्यांच्या बायकोनं पदर डोळ्याला लावला. चार महिन्यांत त्या माणसाला राग आला नव्हता, भूक आली नव्हती, काहीच आलं नव्हतं. मी केसपेपरवर ते वाक्य जसंच्या तसं लिहून घेतलं.

बरं वाटल्यावर गोळ्या लगेच थांबवायच्या नाहीत. पहिल्यांदाच आजार झाला असेल तर पूर्ण बरं झाल्यानंतरही साधारण सहा ते नऊ महिने औषध चालू ठेवतो, मग उतरवत बंद. वारंवार होणाऱ्यांना जास्त काळ लागतं. खर्चाची काळजी असेल तर जनऔषधी दुकानांत हीच औषधं बरीच स्वस्त मिळतात, डॉक्टरांना मूळ औषधाचं नाव लिहायला सांगा. आरोग्य विमा असेल तर मानसिक आजारालाही शारीरिक आजारासारखंच संरक्षण द्यायचं, असं २०१७ चा कायदा सांगतो. त्याच कायद्यानं आजाराची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क दिलाय. कंपनीत, भावकीत कुणाला काय सांगायचं ते दादा ठरवतील.

गोळ्यांइतकंच महत्त्वाचं आहे ते रोजच्या दिवसाला परत आकार देणं. आपण म्हणतो, इच्छा झाली की करेन. या आजारात उलटं चालावं लागतं, आधी कृती आणि मग मागून इच्छा. पण कृती अगदी लहान हवी. 'उद्यापासून तालमीत जा' किंवा 'रंकाळ्याला रोज दोन फेऱ्या मार' असं सांगितलं तर ते जमणार नाही, आणि न जमल्याचं ओझं वर चढेल. पहिल्या आठवड्यात सकाळी सातला गोठ्यापर्यंत जाऊन दहा मिनिटं उन्हात उभं राहायचं, बस. पुढच्या आठवड्यात म्हशीला पाणी दाखवायचं. मग एका वेळची धार. कुणीतरी सोबत असावं, पण पाठीवर बसून हिशेब घेणारं नको. सायकॉलॉजिस्टकडे हेच पद्धतशीर शिकवतात, शिवाय 'माझ्यामुळं वाटोळं झालं' यासारखे विचार हातात घेऊन ते कितपत खरे आहेत हे तपासायलाही शिकवतात. शिफ्टचं काम असेल तर काही महिने रात्रपाळी टाळता येईल का ते बघा, डॉक्टर तसं पत्र देतात. दारू पूर्ण बंद. ती रात्री झोप आणल्यासारखी वाटते, पण पहाटेची जाग तिच्यानंच वाढते.

तुमच्या पत्रात वहिनींचा उल्लेख एकदाच आलाय, त्या वाक्यापुरता. तीन महिने त्या त्याच खोलीत झोपताहेत, पहाटे तीनला त्याही जाग्या असणार. बायकांना नैराश्य पुरुषांपेक्षा जास्त होतं आणि तरीही बऱ्याचदा लक्षात येत नाही, कारण चूल बंद पडत नाही. भाकरी थापल्या जातात, मुलांचे डबे जातात, म्हणून कुणी विचारत नाही. त्यांची झोप, जेवण कसं आहे ते तुम्ही विचारा, आणि आठवड्यातून एक-दोन रात्री तुम्ही किंवा आई दादांपाशी थांबा म्हणजे त्यांना सलग झोप मिळेल.

जाताना एका पिशवीत जुने रिपोर्ट, आत्तापर्यंत घेतलेल्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या, अगदी देवर्षीनं दिलेली काही पुडी असेल तर तीही घ्या. काय कधी सुरू झालं ते एका कागदावर लिहून ठेवा, खोलीत गेल्यावर आठवत नाही. वहिनींना बरोबर न्या. आणि दादा दारापर्यंत येऊन ऐनवेळी नाही म्हणाले तर ती भेट रद्द करू नका. तुम्ही दोघी जा आणि डॉक्टरांना सगळं सांगा. माझ्याकडे कितीतरी पेशंट तिसऱ्या भेटीला आलेत, पहिल्या दोन भेटींना त्यांच्या घरचीच माणसं आली होती.